आंटींच्या चौकोनांची धाबळी

आमच्या घराण्यात गौरींचा स्वयंपाक धाबळी नेसून करतात. धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं जाडंभरडं कापड. भाद्रपदात झाशीला नुसतं पंख्याखाली बसलं तरी पाठीवरून घाम ओघळतो. त्यात अंगाला लोकर गुंडाळून चुलीपुढे पुरण शिजवायचं. असं का, याला घरात एकच उत्तर होतं. पूर्वज दक्षिणेतून घोड्यांवरून इकडे आले तेव्हा त्यांनी गौरींचे मुखवटे कांबळ्यात गुंडाळून आणले होते. त्या कांबळ्याचा आणि स्वयंपाकाचा संबंध काय, हे मी कधी विचारलं नाही. मी फारसं काही विचारत नसे. कॉन्व्हेंटच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी 'शांत मुलगी' असा शेरा यायचा आणि घरी तो कौतुकानं वाचला जायचा.

रेशीम का चालत नाही, हे मात्र आजीनं कुणी न विचारताच सांगून ठेवलं होतं. रेशमासाठी किडे उकडतात. मेंढी लोकर देते आणि पुन्हा चरायला जाते, तिचं काही बिघडत नाही. म्हणून लोकर कायमची शुद्ध. तिला कुणाचाही हात लागो, तिला विटाळ नाही.

आजी गेली तेव्हा धाबळी आईला देऊन गेली. आई धाकटी सून. थोरली सून म्हणजे माझी काकू, दतिया गेटजवळ राहणारी. धाबळी आपल्यालाच मिळणार म्हणून तिनं कपाटात एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. आमच्यात धाबळी जिच्याकडे, गौरी तिच्याकडे. त्यामुळे घोड्यांवरून आलेल्या गौरी दतिया गेटहून टांग्यात बसल्या आणि लोको शेडमागच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आल्या. काकूचा तो कप्पा पुढे बरीच वर्षं रिकामाच होता.

यात आईचं काय अडलं होतं, ते सांगायला हवं. वर्षभर दतिया गेटला काही असलं, की आई तिथे कामाला जायची. काकू दारातच म्हणायची, "आलीस? बरं झालं. वाटण पडलंय." आई पदर खोचायची आणि संध्याकाळी उठायची. मी कोपऱ्यात बसून पाहायची. कुणी तिला वाईट वागवत नव्हतं. फक्त कुणी तिला 'बस' म्हणत नव्हतं. गौरींचे तीन दिवस मात्र काकू आमच्याकडे पाहुणी म्हणून यायची, आणि आई पाट मांडून तिला म्हणायची, "बसा वहिनी." ते म्हणताना आईचा आवाज थोडा खाली जायचा, एखादी चांगली वस्तू जपून ठेवावी तसा. वर्षाकाठी तेवढंच तिचं.

मी नववीत होते त्या श्रावणात आईनं ट्रंक उघडली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. मग तिनं धाबळी उचलून उजेडात धरली. तिच्यातून समोरचा सिग्नल दिसत होता. कसरीनं इतकं मन लावून काम केलं होतं, की भोकं जास्त होती आणि त्यांच्या मधे मधे धाबळी होती.

"डांबरगोळ्या घातल्या होत्या," आई म्हणाली.

"कसर खाऊन गेली असेल त्यासुद्धा," बाबा म्हणाले. बाबा वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात होते आणि घरातलं प्रत्येक संकट त्यांना आधी तांत्रिक वाटायचं.

ही बातमी आम्ही कुणालाही सांगितली नाही, म्हणून ती दतिया गेटला पोचायला दुसरा दिवस उजाडला. काकू टांग्यातून उतरली ती थेट ट्रंकेपाशी.

"अरेरे," ती धाबळी बोटावर घेत म्हणाली. "सासूबाईंची एवढी एकच आठवण. जाऊ दे. तू जिवाला लावून घेऊ नकोस. मी पुण्याहून नवीन मागवलीच आहे."

"कधी?" आईनं विचारलं.

"मागच्या साली."

"तेव्हा तर ही चांगली होती."

"हो ना. म्हटलं, असावी घरात." काकूनं धाबळी अगदी हळुवार घडी करून परत ठेवली. "गौरी यंदा आमच्याकडेच बसू देत. तू ये की आदल्या दिवशी. पुरण तुझ्याइतकं मऊ कुणी वाटत नाही."

आईनं चहा दिला. काकू गेल्यावर तिनं पाट्यावर काहीही नसताना वरवंटा दोन-चार वेळा फिरवला आणि धुऊन ठेवला.

आमच्या भिंतीपलीकडे एक अँग्लो-इंडियन आंटी राहत. त्यांचे पती मेल गाडीचे ड्रायव्हर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. क्वार्टर आता मुलाच्या नावावर होतं, पण मुलगा कायम लाइनवर असायचा. आंटी व्हरांड्यात बसून क्रोशानं ग्रॅनी स्क्वेअर विणायच्या. ते सगळ्यांनी पाहिलेले असतात, फक्त नाव माहीत नसतं: मधे एक छोटं कडं, त्याभोवती तीन-तीन खांबांचे गुच्छ, चार कोपरे, दर फेरीला रंग वेगळा. आंटींच्या घरात ज्याला ज्याला पृष्ठभाग होता त्याला चौकोन घातलेले होते. रेडिओला होते. पोपटाच्या पिंजऱ्याला होते. गरम पाण्याच्या पिशवीला होते. एकदा आमच्याकडे पाणी गेलं तेव्हा आई त्यांच्या न्हाणीघरात जाऊन आली आणि दारातच मला कुजबुजून म्हणाली, "अगं, त्यांच्याकडे साहेबी संडास आहे, आणि त्याच्या झाकणाला स्वेटर घातलाय!"

धाबळीचं प्रकरण आंटींनी भिंतीवरून ऐकलं होतं, पण समजलं नव्हतं. त्यांचं हिंदी सगळं हुकमाचं. 'लाओ', 'जाओ', 'जल्दी करो' यापलीकडे काही सांगायचं असलं की त्यांना मी लागायची. मी सगळं इंग्रजीत सांगितलं. मेंढी, किडे, घोडे, विटाळ, गौरी. त्यांनी सुई न थांबवता ऐकलं.

"म्हणजे तुझ्या मम्मीला लोकरीचं पांघरूण हवंय," त्या म्हणाल्या. "मग रडायचं कशाला? विणू या."

मी हे आईला सांगितलं. आई हसली. मग हसायची थांबली. भांडी घासता घासता ती मधेच म्हणाली, "लोकरीला विटाळ नाही."

"हो."

"कुणाच्याही हातचा नाही."

"आजी तसंच म्हणायची."

"विणलेली असावी की मागावरची, असं काही म्हणाली होती का?"

आजी तसं काही म्हणाली नव्हती. आजीनं ग्रॅनी स्क्वेअर पाहिलाच नव्हता.

आईनं सदर बाजारातून लोकर आणली. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "बहनजी, प्योर है." तांबडी, पोपटी, हळदी, राणी रंगाची. आईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीनं एवढे रंग एकत्र घेतले असावेत. आंटींनी मात्र नवीन काहीच घेतलं नाही. त्यांनी नवऱ्याचे जुने पुलोव्हर उसवले. करडे, खाकी, कधी काळी निळे असावेत असे. त्या लोकरीला कोळशाचा वास येत होता. इंजिन शेडमध्ये गेलं तरी वास घरी राहतो तसा.

रोज दुपारी भिंतीच्या दोन बाजूंना दोघी बसायच्या आणि मधे स्टुलावर मी. चौकोनाचा शोध कुणी लावला, यावर त्यांचं पहिल्याच दिवशी बिनसलं.

आंटींच्या मते हा चौकोन त्यांच्या आजीचा. नावातच आजी आहे. आजी आयर्लंडहून आली ती हाच चौकोन विणत, आणि बोट मुंबईला लागली तेव्हा तिचं गुडघ्यावरचं पांघरूण पुरं झालं होतं.

"सांग त्यांना," आई म्हणाली, "ही आमची गोधडी आहे. चिंध्या फेकवत नाहीत म्हणून बायका जोडत बसतात. आमच्याकडे लष्करामागून चालणाऱ्या बायकासुद्धा करायच्या. यांनी फक्त भोकं पाडली."

मी म्हणाले, "आईला तुमच्या आजीबद्दल ऐकून बरं वाटलं."

"मग तिला सांग, तिचे खांब ढिले आहेत. माझी आजी असती तर उसवायला लावलं असतं."

मी आईला म्हणाले, "त्या म्हणतात, छान येतंय, थोडं घट्ट घ्या."

दोन्ही बाजूंचं मी असं गाळून पोचवत होते. त्यामुळे दोघींना एकमेकींविषयी फार आदर वाटू लागला.

पुढे शिवणाच्या तासाला शाळेतल्या सिस्टरनं सांगितलं, की चौकोन तिसऱ्याच देशातला, कडाक्याच्या थंडीत दूरदूर राहणाऱ्या लोकांचा. मला वाटतं हा चौकोन कुणाचाच नाही, म्हणून ज्याच्या त्याच्या आजीचा होऊ शकतो. संपत आलेली लोकर असते, ती कशालाच पुरत नाही, पण एका फेरीला पुरते. मग दुसरा रंग. रंग जुळले नाहीत तरी कुणी नावं ठेवत नाही, कारण न जुळणं हीच त्याची रीत. मांडीवर मावतो. आउटर सिग्नलला मालगाडी अडकली, की तेवढ्यात एक होतो. आणि मुख्य म्हणजे तो पूर्ण होतो. घरातल्या बायकांची इतर कामं पूर्ण झालेली मी कधी पाहिली नाहीत. जेवण झालं की पुढचं जेवण. चौकोन मात्र एकदा झाला की झाला. आई प्रत्येक चौकोन झाल्यावर तो गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट करायची आणि क्षणभर काहीच करायची नाही.

बाबांनीही एक करून पाहिला. आधी कागदावर मापं काढली, कोपऱ्याचा अंश लिहिला, आणि पाच कोपऱ्यांचं काहीतरी तयार केलं, ते जमिनीवर सपाट बसेना. "सिद्धांतात बरोबर आहे," ते म्हणाले. त्यात पुढे किल्ल्या ठेवू लागले.

गौरी बसायच्या आदल्या दिवसापर्यंत धाबळी झाली. आईचा एक चौकोन, आंटींचा एक, पुन्हा आईचा, असा बुद्धिबळाचा पट. मधे मधे इतकं ऊन दिसत होतं, की धुतलेलं लुगडं आतून नेसावंच लागणार होतं. पण ती लोकरीची होती, आणि आईच्या खांद्यावर होती, तेवढ्यात दारात टांगा थांबला.

काकू आली होती. हातात पिशवी, पिशवीत पुण्याची धाबळी, आणि मागे गुरुजी. गुरुजी पूजेव्यतिरिक्त स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होते. बारदानात काय बांधलंय ते वासावरून ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती.

काकूनं आईला वरून खालपर्यंत पाहिलं. "हे काय, सर्कस आली का गं?"

"धाबळी आहे," आई म्हणाली.

"ही? हिच्यातून तर तू दिसतेस!"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी एका भोकात बोट घालून विचार केला. "विटाळ व्हायला वस्तू लागते," ते म्हणाले. "भोक ही वस्तू नाही. भोकाला दोष नाही."

"आणि ते निम्मं त्या आंटीनं केलंय ते?"

"लोकर असेल तर हातालाही दोष नाही. तुमच्या सासूबाई स्वतःच म्हणायच्या. प्रश्न एवढाच, की ही लोकर आहे का." त्यांनी एक चौकोन नाकाशी नेला. "नुसत्या वासावर सांगणं बरं नाही. जाळून पाहू."

गौरींपुढे लावायची समई आणली गेली. अंगणात पाट मांडला. बाबांनी परीक्षण पद्धतशीर व्हावं म्हणून दोन वाट्या आणल्या, एकीत पास, दुसरीत नापास. गुरुजींनी आंटींच्या खाकी चौकोनातून एक धागा काढून ज्योतीवर धरला. तो आक्रसला, विझला, आणि केस जळल्याचा वास अंगणभर पसरला.

"मेंढी," गुरुजी समाधानानं म्हणाले.

मग आईचा राणी रंगाचा धागा. तो जळला नाही. तो वितळला. त्याचा एक चकचकीत काळा मणी झाला आणि पाटावर ठिबकला. गुरुजींनी वास घेतला आणि शिंकले.

"ही कारखान्याची."

पोपटीही कारखान्याची निघाली. हळदीही. आई प्रत्येक वेळी पुढचा रंग स्वतः काढून देत होती. आशा सोडायला तिला सगळे रंग संपवावे लागले. नापासाच्या वाटीत काळे मणी साठले, तिकडे पासाच्या वाटीत नुसती राख. म्हणजे आंटींचे चौकोन सोवळ्यातले, आणि जन्मात कांदा-लसूण न खाल्लेल्या माझ्या आईचे नाहीत.

"बघ बाई," काकू म्हणाली. तिचा आवाज खरोखर मऊ झाला होता, आणि तेच मला सोसवेना. "मी मुखवटे घेऊनच जाते. तू उद्या सकाळी लवकर ये."

आईनं धाबळी खांद्यावरून काढली. तेवढ्यात भिंतीवर आंटींचं डोकं आलं. वास त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"माझ्या नवऱ्याचा पुलोव्हर का जाळताय?" त्यांनी मला विचारलं.

या वेळी मी काही गाळलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मी सगळं सांगितलं: आईचे चौकोन नापास झाले, तुमचे पास झाले, पण नुसते तुमचे कमरेला पुरणार नाहीत, आणि आता गौरी जातील. घरातल्या लोकांसमोर मी इतकं लांब इंग्रजी कधी बोलले नव्हते. बाबा थक्क होऊन माझ्याकडे बघत होते, मी शेडमधलं इंजिन चालवून आणल्यासारखे.

आंटी घरात गेल्या. पोपट ओरडल्याचा आवाज आला. मग भिंतीवरून एकेक वस्तू येऊ लागली. रेडिओचं आवरण. पिंजऱ्याचं आवरण, पिसांसकट. पाण्याच्या पिशवीचं. "सगळी जुनी, इंग्लंडची लोकर," त्या म्हणत होत्या. "जाळा, काय जाळायचं ते." गुरुजींनी प्रत्येकाचा एकेक धागा जाळला, आणि अंगणात न्हाव्याच्या दुकानाला आग लागल्यासारखा वास सुटला. सगळे पास.

सगळ्यात शेवटी एक गोल आला. मोठा, करड्या-निळ्या रंगाचा, कडेला घट्ट नाडी. तो कशाचा होता ते मला माहीत होतं. मी आईकडे पाहिलं. तिलाही माहीत होतं. ती तो हातात धरून उभी राहिली. बाकीचे सगळे तुकडे पाटावर मांडून पाहिले होते. मधे बरोबर एवढ्याच आकाराची जागा उरत होती.

"गुरुजी," आई सावकाश म्हणाली, "लोकर एकदा शुद्ध, की नेहमी शुद्ध?"

"नेहमी."

"कुठेही असली तरी?"

"वहिनी," गुरुजी म्हणाले, "मेंढी दिवसभर कुठे कुठे बसते, ते आपण विचारतो का?"

आईनं गोल खाली ठेवला आणि नाडी ओढून काढली.

काकू उठली. "पण ही पुण्याची, अस्सल, मागावरची..." तिनं पिशवीला हात घातला.

"तीही पाहून घेऊ," गुरुजींनी उत्साहानं समई पुढे केली. त्यांना आता रंग चढला होता.

काकूनं ज्योतीकडे पाहिलं. वाटीतल्या मण्यांकडे पाहिलं. मग पिशवीचे बंद बांधले. "कशाला उगाच," ती म्हणाली. "दोन-दोन धाबळ्या काय करायच्या आहेत?"

आई आणि आंटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जोडत होत्या. गौरी वेळेवर आमच्याकडेच बसल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे आईनं न्हाऊन लुगडं नेसलं, वरून धाबळी गुंडाळली आणि चुलीपुढे बसली. खाकी, करडी, कधीकाळची निळी, भोकांतून वाफ ये-जा करणारी. बाबांचं म्हणणं, जुन्या धाबळीपेक्षा हिच्यात हवा जास्त खेळते. आई म्हणाली, काही खेळत नाही. गोल तिनं मागे, पाठीवर घेतला होता, जिथे नैवेद्याशी त्याचा संबंध येणार नाही. आईचे रंगीत चौकोन वाया गेले नाहीत. ते आंटींच्या पोपटावर गेले.

दुपारी काकू आली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून बराच वेळ आईच्या पाठीकडे बघत होती.

"तो गोल बरा दिसतो गं," शेवटी ती म्हणाली. "बाकीच्यापेक्षा नाजूक आहे. कशाचा होता?"

आईनं पुरणात डाव फिरवला. "आंटींच्या घरातला."

"असाच एक मला करून मिळेल का? कलशाखाली ठेवायला. त्यांना विचार ना." हे शेवटचं मला होतं.

मी भिंतीपाशी जाऊन विचारलं. आंटी फुशारून गेल्या. म्हणाल्या, चौकोन आजीचे असतील, पण तो गोल पूर्णपणे माझ्या डोक्यातला. आजवर कुणी कधी मागितला नव्हता. त्यांना फक्त माप हवं होतं. काकूच्या घरचं झाकण केवढं आहे?

मी परत आले. आई माझ्याकडे वळली, तिच्या कपाळावरून घाम ठिबकत होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते. हसायला सुरुवात झाली असती तर तिला पुरण उतरवून ठेवावं लागलं असतं.

"काय म्हणाल्या?" काकूनं विचारलं.

"हो म्हणाल्या," मी म्हणाले. "माप विचारतायत."

"माप कशाला? साधारण एवढं." काकूनं दोन्ही हातांनी हवेत गोल केला. तो बरोबर तेवढाच होता.

आईनं डाव ठेवला, पाट पुढे सरकवला आणि म्हणाली, "आधी बसा तर वहिनी."